मुलींची लीग

परवा श्रीपूरला गेलो होतो. भाचीने विचारलं, "मामा, फुटबॉलची मुलींची पण लीग असते का?" आमच्या वेळी मुली खो-खोच खेळायच्या, म्हणून क्षणभर गप्पच झालो...

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७५ पासूनची. १९८० आणि १९८३ मध्ये आपल्या मुली आशियात उपविजेत्या! पण पुरुषांना राष्ट्रीय लीग १९९६ ला मिळाली आणि मुलींना थेट २०१६-१७ ला. पहिल्याच मोसमात एफसी पुणे सिटीचा संघ होता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला. त्याच वर्षी कोल्हापूरच्या मुली लीगमध्ये उतरल्या. स्वतःच्या गावच्या मैदानावर सामने मात्र २०२३-२४ पासून.

"मग मी कुठे खेळू?" भाचीचा पुढचा प्रश्न. कोल्हापूर काही जवळ नाही. पण निदान "असते" एवढं तरी सांगता आलं.