सोमनाथची कुदळ आणि मेंढ्याचा अभ्यासगट

मूल म्हटलं की आमच्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तांदूळ आठवतो आणि ताडोबा. फार तर एखाद्याला मारोतराव कन्नमवार. पण सोमनाथ आमच्याच तालुक्यात आहे, हे भाचरांना अजून सांगावं लागतं. म्हणून हा प्रपंच.

वरोऱ्याला आनंदवन उभं केल्यावर बाबा आमट्यांच्या डोक्यात श्रमिक विद्यापीठाची कल्पना होती. त्यासाठी मारोड्याजवळ, जंगलाला लागून जमीन मिळाली. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. सकाळी कुदळ-फावडं, दुपारी व्याख्यान आणि चर्चा. विद्यापीठ काही मनासारखं झालं नाही, छावणी मात्र टिकली. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक धान पिकवतात आणि कॉलेजची पोरं त्यांच्या बरोबरीने राबतात, हे तेव्हा केवढं नवल होतं!

आमच्या झाडीपट्टीत जंगल आणि शेती वेगळी नाहीतच. वरती झाडी, तिच्यातून पाणी हळूहळू खाली येतं, मालगुजारी तलावात साठतं, तिथून बांधीत उतरतं. वरची झाडी तुटली की गाळ वाहून येतो, तलाव उथळ होतो आणि रोवणा अडतो. भूगोलाच्या पुस्तकात हे दोन ओळींत होतं. मी वर्गात धडा वाचून घ्यायचो आणि मग पोरांना बांधीत उतरवायचो. पऱ्हे लावता लावता एकदा धुरा फुटला, पाणी सगळं खालच्या बांधीत गेलं. तो बुजवताना पोरांनी जे प्रश्न विचारले ते वर्गात कधी ऐकले नव्हते. असो.

पुढे इंद्रावती-गोदावरीवरच्या भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं. बाबा त्यात होते, तसे मोहन हिराबाई हिरालालही. जयप्रकाशजींच्या चळवळीतून आलेले मोहनभाऊ पुढे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्याशा गोंड गावाशी जोडले गेले. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि सोबत बसणारे बाहेरचे मित्र, अशी जुळणी.

मेंढ्याची खरी कमाई म्हणजे अभ्यासगट. अभ्यासगटाने वाचायचं, विचारायचं, चर्चा करायची. निर्णय ग्रामसभा घेणार, तोही सर्वसहमतीने. मधाचंच बघा. आग्या मोहोळ जाळून मध काढायची जुनी रीत, त्यात माशा मरतात आणि पोळंही जातं. गावाने जाणकारांना बोलावून माशीचा अभ्यास केला. पोळ्यात मधाचा भाग वेगळा आणि पिल्लांचा वेगळा. नुसता मधाचा भाग कापला तर पोळं पुन्हा भरतं. हे बसून समजून घेतलं आणि मग झाडावर चढून करून पाहिलं.

कायद्याचंही तसंच. वनहक्क कायदा 2006 सालचा. 2009 मध्ये मेंढा आणि शेजारचं मारदा यांना देशात सर्वात आधी सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगल. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कागद वाचता येणारं गाव होतं, म्हणून ते तिथवर टिकलं असं माझं मत.

सोमनाथबद्दल मनात आदर आहेच. पण छावणीतली पोरं आठ दिवसांनी घरी जातात. मेंढ्यात वाचणारे आणि राबणारे एकच, आणि प्रश्नही त्यांचेच. मला मेंढ्याची वाट जास्त लांबवर जाणारी वाटते. यावर तुमचं वेगळं म्हणणं असेल तर जरूर कळवा.

मिलिंद बोकीलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' आमच्या घरी आहे, कोणाला हवं तर घेऊन जा. वाचून झाल्यावर मूलहून सावली, गडचिरोली आणि पुढे धानोरा रोडने निघायचं. मी येईन सोबत.