बार्शी ते यवत : चिकनगुनियाच्या पुनरागमनाचा इतिहास

भारतातील डासजन्य तापांच्या इतिहासात चिकनगुनियाची नोंद फार चमत्कारिक झाली आहे. १९६३ साली ज्याला या देशातला नवा रोग म्हटले गेले तो बहुधा जुना होता, आणि २००६ साली जो बत्तीस वर्षांनी परत आला असे सांगितले गेले, त्याचा विषाणू वंशाने पूर्वीचा नव्हताच. 'पुनरागमन' हा शब्द साथरोगांच्या बाबतीत सहज वापरला जातो. परंतु नेमके कोण गेले होते, कोण आले आणि मधल्या काळात कोण येथेच मुक्काम करून होते, हे निरनिराळे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात.

रोगाला आजचे नाव मिळाले ते १९५२-५३ च्या साथीनंतर. तत्कालीन टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाच्या दक्षिणेकडील माकोंडे पठारावर ही साथ आली, आणि सांध्यांच्या वेदनेने रोगी वाकून जातो या अर्थाचा तेथील बोलीतला शब्द वैद्यकाने उचलला. मात्र अचानक चढणारा ताप, अंगावर पुरळ आणि ताप उतरल्यावरही आठवडेच्या आठवडे न सोडणारी सांधेदुखी, हे वर्णन त्याच्या कितीतरी आधीच्या कागदपत्रांत आढळते. १८२४-२५ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे आलेली साथ आणि १८७० साली झांझिबारमध्ये सुरू होऊन एडनमार्गे १८७१ च्या सुमारास मुंबईत पोहोचलेली साथ, या दोन्ही पुढे 'डेंगी' या नावाखाली नोंदल्या गेल्या. झांझिबारमध्ये त्या तापाला स्वाहिली भाषेत 'किडिंगा पेपो', म्हणजे भूतबाधेने अचानक येणारा पेटका, असे म्हणत, आणि 'डेंगी' हा शब्दच त्यातल्या 'डिंगा'वरून आला असावा, असे एक मत आहे. वेल्लोर येथे काम केलेले डोनल्ड केरी यांनी १९७१ साली या जुन्या वर्णनांची छाननी करून असे मांडले की, दीर्घकाळ टिकणारी सांधेदुखी हे डेंगीचे लक्षण नसल्याने एकोणिसाव्या शतकातील या साथी चिकनगुनियाच्या असाव्यात. हे मत मान्य केले तर मुंबई बंदराशी या रोगाची ओळख शतकाहून जुनी ठरते, आणि जहाजांवरील पिण्याच्या पाण्याची पिंपे हे डासांचे पहिले वाहन ठरते.

विषाणू प्रयोगशाळेत ओळखता येऊ लागल्यानंतरचा भारतीय इतिहास १९६३ साली कलकत्त्यात सुरू होतो. पुढच्या दोन वर्षांत मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी, विशाखापट्टणम, काकिनाडा, राजमहेंद्री आणि नागपूर येथे साथी आल्या. रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५२ साली पुण्यात स्थापन केलेले विषाणू संशोधन केंद्र, जे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, या काळात तपासाचे मुख्य ठिकाण होते. त्या मालिकेतली अखेरची मोठी साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आली. बार्शी ही मराठवाड्याच्या उंबरठ्यावरची व्यापारी पेठ, आणि तिच्या नावाची नॅरोगेज आगगाडी १८९७ पासून त्या मुलखात धावत होती. तेथील पाहणीत लोकसंख्येपैकी ३७.५ टक्के लोक आजारी पडल्याचे आढळले, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबात सरासरी दोघे अंथरुणाला खिळलेले.

एवढा फैलाव एका डासामुळे होऊ शकतो, आणि त्याचे कारण त्या डासाच्या सवयींत आहे. 'एडिस इजिप्ती' ही पायांवर पांढरे पट्टे असलेली, दिवसा चावणारी जात मूळची आफ्रिकेतली. ती गटारात किंवा डबक्यात क्वचितच वाढते; तिला रांजण, हौद, पिंप, टाकी असे माणसाने घरात भरून ठेवलेले स्वच्छ पाणी लागते. मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी घालते, आणि ही अंडी भांडे कोरडे पडले तरी कित्येक महिने तग धरून पुन्हा पाणी भरताच फुटतात. त्यामुळे पाऊस जास्त तेथे डास जास्त, हा हिवतापाच्या अनुभवातून रुजलेला समज येथे अपुरा ठरतो. जेथे नळाला दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी येते, तेथे प्रत्येक घर पाणी साठवते, आणि म्हणून अवर्षणप्रवण गावातला काटकसरीने जपलेला रांजण हाच डासाचा पाळणा ठरतो. बार्शीची साथ १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी यावी, हा योगायोग असेलही, पण तो डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

बार्शीनंतर रोग जणू नाहीसा झाला. याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे की, एकदा हा ताप येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी द्रव्ये, तयार होतात. गावातली पुरेशी माणसे अशी सुरक्षित झाली की डासाला विषाणू पुढे नेण्यास नवे शरीर मिळत नाही. आफ्रिकेत विषाणू अशा वेळी जंगलातील माकडे आणि तेथील डास यांच्यात टिकून राहतो. भारतात त्याचे असे रानातले घर ठामपणे आढळलेले नाही. परंतु ही सुरक्षितता पिढीबरोबर संपते. १९९० च्या दशकात कलकत्त्यात झालेल्या रक्तपाहणीत चिकनगुनियाची प्रतिपिंडे पाच टक्क्यांहूनही कमी लोकांत सापडली, आणि ती प्रामुख्याने वयस्कांत होती. शहर पुन्हा साथीच्या तोंडी आले आहे, हे आकड्यांत लिहिलेले होते. डास कोठेही गेला नव्हता. १९९६ साली दिल्लीत डेंगीने दहा हजारांवर माणसे आजारी पाडून आणि चारशेंवर बळी घेऊन ते दाखवूनही दिले होते.

याहून बोलकी नोंद पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवत या गावची आहे. तेथे २००० साली पकडलेल्या एडिस डासांतून पुण्याच्या संस्थेने चिकनगुनियाचा विषाणू वेगळा केला आणि पुढच्या वर्षी तो शोध प्रसिद्धही केला. साथ नव्हती, रुग्णांचा बोभाटा नव्हता, आणि म्हणून की काय, या शोधातून कोणतीही व्यापक सावधगिरी उभी राहिली नाही. साथ ओसरली की सर्वेक्षणही ओसरते, ही येथील आरोग्यव्यवस्थेची जुनी खोड आहे, आणि यवतचा डास तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

२००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरील लामू बेटावर मोठी साथ उसळली, ती कोमोरोस बेटांवरून फ्रेंच अमलाखालील रेयूनियन बेटावर गेली आणि तेथे सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात, आणि पाठोपाठ महाराष्ट्रात, माणसे वाकू लागली. २००६ मध्ये देशभर सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातील अडीच लाखांहून अधिक होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळल्याने आणि रोगाच्या नावात 'चिकन' ऐकू येत असल्याने कोंबडी खाण्याशी त्याचा संबंध जोडणारेही कमी नव्हते. प्रयोगशाळेतील तपासणीने मात्र वेगळाच उलगडा केला. १९६३ आणि १९७३ चे विषाणू आशियाई वंशाचे होते, तर २००६ चे पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील वंशाचे. आणि यवतच्या डासातला विषाणूही याच आफ्रिकी वंशाचा निघाला. म्हणजे बार्शीचा विषाणू परतला नव्हता. दुसराच आला होता, आणि त्याच्या नात्यातला एक मोठ्या साथीच्या पाच वर्षे आधीच पुणे जिल्ह्यात पोहोचलेला होता.

या साथीत चिकनगुनियाने मृत्यू झाल्याचे शासकीय आकडेवारीने मानले नाही. अहमदाबादेतील मृत्युनोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना मात्र २००६ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत आधीच्या वर्षांच्या मानाने २,९४४ मृत्यू जास्त आढळले. हे सारे याच तापाचे होते असे सिद्ध करता येत नाही, परंतु शून्य हा आकडा त्यानंतर टिकत नाही.

२००७ मध्ये विषाणूने आणखी एक वळण घेतले. त्याच्या बाह्य आवरणातील एका प्रथिनात २२६ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदलले, आणि त्यामुळे 'एडिस अल्बोपिक्टस' या बागा आणि मळ्यांत राहणाऱ्या दुसऱ्या डासात तो अधिक सहज वाढू लागला. रेयूनियनमध्ये आधी दिसलेला हा बदल त्या वर्षी केरळात आढळला, जेथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते. केरळातूनच आलेल्या एका प्रवाशाबरोबर विषाणू इटलीत पोहोचला आणि रावेन्नाजवळच्या दोन खेड्यांत दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे एडिस डासच पसरवणाऱ्या झिका या दुसऱ्या विषाणूचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण सापडला, आणि तोही गावात चिकनगुनिया पसरल्यामुळे नमुने पुण्याला तपासायला गेले म्हणून. झिकाला प्रतिसाद देणारी प्रतिपिंडे भारतीयांच्या रक्तात असल्याची नोंद पुण्याच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी १९५४ साली केली होती, जरी डेंगीसारख्या जवळच्या विषाणूंमुळेही तसा प्रतिसाद दिसू शकत असल्याने ती निर्णायक नव्हती. बेलसर पुरंदर तालुक्यात आहे, यवत शेजारच्या दौंड तालुक्यात, आणि दोन्ही ठिकाणी डास तोच आहे.