पांढऱ्यात हरवलेले चेहरे

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात भर उन्हाळ्यात लागलेल्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट लावली, तर मांडवाबाहेरची माणसे पुष्कळदा पांढरीफटक दिसतात. त्यांपैकी काहींचे दुसरे चलच्चित्र घरात नसते. म्हणून हे चेहरे परत आणता येतील का, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. त्याचे उत्तर माध्यमाच्या इतिहासात आहे.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सूर्यप्रकाशात चित्रित केला. फिल्म धुण्याच्या कामात सरस्वतीबाईंचाही हात होता. त्या काळच्या फिल्मवर निळा प्रकाश लवकर उमटे, त्यामुळे आकाश सहज पांढरे पडे. पण निगेटिव्हचा स्वभाव उदार होता. जास्त प्रकाश पडलेल्या जागी चांदीचा थर दाट होई, तरी त्यात बारकावे बहुधा शिल्लक राहत. प्रिंट काढताना दिव्याचा उजेड वाढवला की ते दिसू लागत. अशी दाट निगेटिव्ह हायपो व पोटॅशियम फेरिसायनाइडने पातळ करण्याची रीत हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ मध्येच सांगितली होती.

व्हिडिओत हे औदार्य नाही. भांडे काठोकाठ भरल्यावर वरचे पाणी सांडून जावे, तसे ठरावीक मर्यादेपलीकडचा सगळा प्रकाश एकाच पांढऱ्यात जमा होतो. १९८२ च्या डिजिटल व्हिडिओ मानकात काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ ठरली. मात्र अनेक कॅमेरे २३५ च्या वरही थोडे टिपून ठेवतात. संकलक ती पातळी खाली ओढतो तेव्हा हरवलेली वाटणारी सुरकुती किंवा पदराची किनार परत दिसते. कधी लाल रंग भरून गेलेला असतो, पण हिरव्यात तपशील उरलेला असतो. त्याचाही आधार घेता येतो. आलेखाचा माथा पट्टीने आखल्यासारखा सपाट असेल, तर मात्र उजेड कमी करून पांढऱ्याचे फक्त राखाडी होते.

म्हणून कॅसेट संगणकात घेतानाच सिग्नलची पातळी खाली ठेवणे महत्त्वाचे. तिथे कापले गेलेले पुढे कोणत्याही संकलनात सापडत नाही. आज यंत्र रिकाम्या जागी नवा चेहरा रंगवूही शकते. पण तो आजीचा नसेल. पुराव्याच्या दृष्टीने प्रामाणिक पांढरा डाग अशा चेहऱ्यापेक्षा मोलाचा आहे, आणि मूळ कॅसेट त्याहूनही.