रहाटणी: घर आणि कंपनी यांमधले अंतर

पिंपरी-चिंचवडमधल्या पवनाकाठच्या रहाटणीत शेतीच्या काळात घर आणि काम यांच्यात फार तर शिवाराएवढे अंतर होते. ते वाढवले कारखान्यांनी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात टेल्को व बजाज यांनी पिंपरी-आकुर्डीचा चेहरामोहरा बदलला. आसपासच्या गावांतली माणसे पाळीवर जाऊ लागली. पाळीत किती नग निघाले यावर काम मोजले जाई. यंत्र जिथे तिथे कामगार हजर, ही पहिली अट.

नव्वदच्या दशकाअखेर हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आकाराला आले आणि रहाटणी, पिंपळे सौदागर, वाकड या गावांत शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. इथल्या नव्या नोकरदाराचे अवजार, म्हणजे संगणक, घरी नेता येण्याजोगे होते. तरीही हजेरीची शिस्त कारखान्याचीच राहिली. काळेवाडी फाटा, भूमकर चौक असा कोंडीतून जाणारा रस्ता कामाचाच भाग होऊन बसला. हजेरीच्या या शिस्तीला साहेबी सवयीबरोबर कायदाही कारण होता. कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना घरून काम द्यायचे, तर कंपनीला दूरसंचार खात्याकडे १ कोटी रुपयांची बँक हमी ठेवावी लागे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, ही अट तात्पुरती उठली आणि नोव्हेंबरमध्ये नियमच सैल झाले. एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांचे दिवस तेव्हा पूर्ण वेगळे झाले. कारखान्यात प्रेसवर काम करणारा हातावर हात धरून बसला, कारण प्रेस घरी आणता येत नाही. दुसऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी मुलाची ऑनलाइन शाळा. शहराला नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येत होते, आणि आता घरे दिवसभर भरलेली होती. घरून काम म्हणजे आराम, हा समज या घरांनी खोटा ठरवला.

मग खरे काम कुठे जास्त होते? उत्तर कामाच्या जातीवर ठरते. चीनमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ साली नऊ महिने प्रयोग झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. उलट चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांच्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यातली बरीचशी घट पहिल्याच दिवसापासून होती, उरलेली शिकण्याचा वेग मंदावल्याने आली. हिंजवडीला सर्वांत जवळचा पुरावा आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीचा आहे. टाळेबंदीत तिथले कामाचे तास वाढले, पण हातावेगळे झालेले काम जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे तासामागचे काम घटले. घरात मुले असणाऱ्यांची घट अधिक होती. रस्त्यावरचा वाचलेला वेळ बैठका आणि समन्वय यांनीच गिळला. ज्याला घरासाठी वेळ मिळायला हवा होता, त्याच्या वाट्याला तो आला नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल.

टाळेबंदीनंतर मात्र हजेरी परत आली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. इन्फोसिसने त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अनेकांना महिन्यात दहा दिवस यायला सांगितले. सरसकट हजेरीला मात्र आकड्यांचा भक्कम आधार नाही. सीट्रिपच्याच, आता ट्रिप डॉट कॉम नावाच्या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने कामगिरीत काही फरक पडला नाही, आणि राजीनामे एक तृतीयांशाने घटले. त्यामुळे रहाटणी-हिंजवडीसारख्या कोंडलेल्या वाटेवर दोन दिवसांची सवलत नाकारण्याला उत्पादकतेचे कारण पुरत नाही. नवशिक्या इंजिनिअरने मात्र पहिली एक-दोन वर्षे जाणत्यांच्या शेजारी बसूनच काम करावे.