मालमोटारचालक आणि मालकाची पारख : अमेरिकेतील एका व्यवसायाचा इतिहास

१

मालक नोकराची पारख कशी करतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. अर्ज, मुलाखत, पूर्वीच्या मालकाचे प्रशस्तिपत्र ही त्याची साधने होत, आणि ती कागदावर असल्यामुळे अभ्यासकाला सहज उपलब्ध होतात. नोकर मालकाची पारख कशी करतो, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात बहुधा बाजूला राहिला आहे. ही पारख तोंडी होते. माल चढविण्याच्या धक्क्यावर, रस्त्यालगतच्या खाणावळीत, दोन चालकांच्या बोलण्यात होते आणि तेथेच विरून जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लांब पल्ल्याच्या मालमोटारचालकांच्या बाबतीत मात्र ती काही अंशी पुन्हा उभी करता येते. कारण चालक ज्या गोष्टी तराजूत घालीत आले, म्हणजे मजुरी, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन आणि घरी परतण्याची शाश्वती, त्या सर्व केव्हा ना केव्हा कायद्याच्या, कराराच्या किंवा न्यायनिर्णयाच्या विषय झाल्या. ह्या पारखेत १९३५ नंतर कोणते फेरफार झाले आणि ते का झाले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

महामंदीच्या काळात जुनी मालमोटार मिळवून कमी भाड्यात माल नेणारे असंख्य छोटे वाहक रस्त्यावर उतरले होते. भाडेदर घसरले आणि त्यांच्यामागे मजुरीही घसरली. ९ ऑगस्ट १९३५ रोजी मंजूर झालेल्या मोटारवाहक कायद्याने हा व्यवसाय आंतरराज्य व्यापार आयोगाच्या नियंत्रणाखाली आणला. नव्या वाहकाला आपल्या सेवेची लोकांस गरज आहे हे सिद्ध करून परवाना घ्यावा लागे, आणि भाडेदर आयोगाकडे नोंदवावे लागत. शेतमालाच्या वाहतुकीला ह्या नियमांतून सूट होती. ह्या सुटीचे महत्त्व पुढे दिसून येईल. १९४८ च्या रीड-बुलविंकल कायद्याने वाहकांना एकत्र बसून दर ठरविण्याचीही मुभा दिली. स्पर्धेला असा बांध पडल्यामुळे वाढीव मजुरीचा बोजा भाडेदरावर टाकणे मालकाला शक्य झाले.

ह्याच परिस्थितीत टीमस्टर्स ह्या संघटनेचे बळ वाढले. १९३४ च्या मिनिआपोलिस येथील संपातून पुढे आलेल्या फॅरेल डॉब्स ह्यांनी मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील लांब पल्ल्याच्या चालकांना एका कराराखाली आणण्याचे काम केले. तो धागा जिमी हॉफा ह्यांनी पुढे नेला. जानेवारी १९६४ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मालवाहतूक करारात चार लाखांहून अधिक कामगार समाविष्ट होते.

ह्या व्यवस्थेत चालकाच्या पारखेचे स्वरूप कसे होते? करारातील सर्व मालकांची मजुरी जवळजवळ सारखी असल्यामुळे 'कोण अधिक देतो' हा प्रश्न गौण झाला होता. महत्त्व होते ते ज्येष्ठतेच्या यादीला. चांगली फेरी, दिवसाचे काम, कपातीच्या वेळी संरक्षण, सर्व काही यादीतील स्थानावर अवलंबून असे. मालक बदलणाऱ्याला नव्या ठिकाणी यादीच्या तळापासून आरंभ करावा लागे. म्हणून पारख एकदाच, आरंभी करावयाची असे. कंपनी टिकेल का, आणि तिचे ठाणे आपल्या गावाजवळ राहील का, एवढेच पाहावयाचे. नंतर तराजू गुंडाळून ठेवावयाचा.

३

ह्या स्थैर्याची किंमत कोणी दिली, हे दोन खटल्यांवरून स्पष्ट होते.

पहिला खटला १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. देशभर पसरलेल्या एका वाहतूक कंपनीत ३१ मार्च १९७१ रोजी लांब पल्ल्याचे १,८२८ चालक होते. त्यांपैकी कृष्णवर्णी केवळ ८ आणि स्पॅनिश आडनावाचे ५. हे आठही जण खटल्याचे पाऊल उचलले गेल्यानंतर नेमलेले होते. शहरांतर्गत फेऱ्यांवरून अधिक मजुरीच्या लांब फेऱ्यांकडे जावयाचे, तर साचलेली ज्येष्ठता सोडून द्यावी लागे. न्यायालयाने भेदभाव झाल्याचे मान्य केले, पण ज्येष्ठतेची पद्धत स्वतः बेकायदा ठरविली नाही. तात्पर्य, मालकांची तुलना करण्याचा प्रश्न ह्या चालकांपुढे उभाच राहिला नव्हता. चांगल्या कामाचे दार त्यांना बंद होते.

दुसरा खटला १९७९ चा. शिकागोतील एका चालकाची बावीस वर्षांहून अधिक सेवा झाली होती. निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची 'अखंड' सेवा आवश्यक होती. १९६०-६१ मध्ये काम नसल्यामुळे त्याला काही महिने घरी बसावे लागले होते, एवढ्यावरून सेवा खंडित ठरली आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. ही योजना म्हणजे एक गुंतवणूकच होय आणि तिच्यातील अटी आपल्यापासून लपविल्या गेल्या, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. कामगार आपले श्रम विकतो ते मुख्यतः उपजीविकेसाठी, गुंतवणूक म्हणून नव्हे, असा निर्णयाचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत असेल. परंतु चालकाच्या हिशेबाचे ते यथार्थ वर्णन नव्हे. वीस वर्षे एका संघाच्या छत्राखाली राहण्याचा निर्णय घेताना म्हातारपणाची भाकरी त्याने तराजूत घातलेलीच होती. 'अखंड' ह्या एका विशेषणाने ती काढून घेतली. निवृत्तिवेतनाचा कायदा १९७४ मध्ये आला, पण तोवर ह्या चालकाची वेळ टळून गेली होती.

४

ह्या बंदिस्त व्यवस्थेच्या कडेला स्वतःच्या मालकीची मालमोटार चालविणाऱ्यांचा एक वर्ग होता. शेतमालाच्या सुटीवर तो जगे, किंवा परवानाधारक कंपनीला गाडी भाडेपट्ट्याने देऊन तिच्या नावावर माल नेई. १९७३ च्या तेलसंकटाने ह्या वर्गाचे कंबरडे मोडले. डिझेल महागले, वेगावर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि डिसेंबर १९७३ पासून पुढील काही आठवडे अनेक राज्यांत चालकांनी चाके थांबविली. १९७९ मध्ये आयोगाने भाडेपट्ट्यांविषयी नियम केले. करार लेखी असावा, कोणत्या कपाती होणार ते त्यात नमूद असावे, आणि कागदपत्रे दिल्यावर पंधरा दिवसांत पैसे मिळावे, असे त्यांचे स्वरूप होते. कोणत्या बाबतीत चालक नाडला जात होता, हे ह्या तरतुदींवरून उलट अंगाने वाचता येते.

१ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर ह्यांनी नव्या मोटारवाहक कायद्यावर सही केली. नव्या वाहकांना प्रवेश सुलभ झाला आणि दरांवरील बंधने सैल झाली. संघटनेबाहेरच्या कंपन्या वाढल्या. जुन्या कंपन्यांपैकी पुष्कळ बुडाल्या. आता कंपनी-कंपनीत मजुरीचा फरक पडू लागला आणि पारखेला पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले. पण त्याच वेळी ती कठीणही झाली. ह्याचे कारण मजुरीच्या मोजमापात सापडते.

५

लांब पल्ल्याच्या चालकाला बहुधा मैलावर मजुरी मिळते. ही पद्धत आपल्याकडील उक्त्या कामाच्या जातीची होय. त्यातच १९३८ च्या वेतनविषयक कायद्याने आंतरराज्य चालकांना जादा तासांच्या वाढीव मजुरीतून वगळले होते. तेव्हा मैलाचा दर हाच नोकरीचा दर्शनी भाव ठरला. परंतु 'मैल' ह्या शब्दाला येथे दोन अर्थ आहेत. गाडीच्या यंत्रावर उमटणारा मैल एक, आणि घरगुती सामान वाहणाऱ्या वाहकांच्या मंडळाने तयार केलेल्या अंतरकोशातील मैल दुसरा. कोशातील अंतर गावापासून गावापर्यंत जवळच्या वाटेने मोजलेले असल्यामुळे प्रत्यक्ष धावेपेक्षा ते सहसा कमी भरते. दोन कंपन्यांचा दर सारखा असूनही मैल निराळा असेल, तर मजुरी निराळी होते.

शिवाय मैल न धावता जाणारा वेळ असतो. गोदामाच्या दारात तासन्‌तास वाट पाहावी लागते, आणि पुष्कळदा त्याबद्दल काही मिळत नाही, किंवा प्रारंभीचे काही तास सोडून मिळते. संघटनेच्या करारात अशा वेळेची तरतूद होती. करार गेला तशी तीही गेली. दोन आठवड्यांनी घरी पाठवू, ह्या आश्वासनाचा अर्थही त्या दिशेचा माल मिळण्यावर अवलंबून असतो. थोडक्यात, ज्या गोष्टींवर चालकाचे पोट आणि झोप अवलंबून, त्या करार वाचून कळत नाहीत. नोकरीत शिरल्यावरच कळतात.

उलट बाजूस मालकाजवळ चालकाच्या पूर्वीच्या नोकऱ्यांची नोंद विकत घेण्याची सोय आहे. डिसेंबर २०१७ पासून चालकाचे तास नोंदविणारे विद्युत् यंत्रही बहुतेक गाड्यांत सक्तीचे झाले. चालकाची पारख अशी यांत्रिक झाली, मालकाची मात्र तोंडीच राहिली.

पूर्ण गाडीभर माल नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांत चालकांच्या गळतीचे वार्षिक प्रमाण अनेक वर्षी ९० टक्क्यांहून अधिक नोंदले गेले आहे. ह्याचा अर्थ शंभरांतील नव्वद चालक दरवर्षी गेले असा नव्हे. काही जण वर्षानुवर्षे टिकतात आणि काही जागांवर एका वर्षात दोन-तीन माणसे येऊन जातात. ह्या गळतीला चालकांच्या चंचल वृत्तीचे फळ मानण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु आरंभी करता न आलेली पारख ते नोकरीत शिरून करतात, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. २०१९ मध्ये बर्क्स आणि मोनॅको ह्या अभ्यासकांनीही दाखविले की चालकांचा श्रमबाजार एकंदरीत इतर बाजारांसारखाच चालतो. टिकून न राहण्याचा प्रश्न लांब पल्ल्याच्या ह्या विभागात एकवटलेला आहे.

६

गाडी सोडून जाणे ज्याला परवडत नाही, अशा चालकाची अवस्था अधिक बिकट असते. कंपनीच गाडी भाडेपट्ट्याने देते, हप्ते मजुरीतून कापते आणि चालकाला 'स्वतंत्र ठेकेदार' म्हणते. मराठीत हुंडेकरी आणि गाडीवान हे दोन शब्द स्पष्टपणे वेगळे आहेत. हुंडेकरी ठरीव रकमेत माल पोचविण्याची जोखीम घेतो, गाडीवान हाकण्याची मजुरी घेतो. ह्या भाडेपट्ट्यात जोखीम हुंडेकऱ्याची आणि मुखत्यारी गाडीवानाची, अशी जोड झालेली दिसते.

न्यू प्राइम ह्या कंपनीच्या खटल्यात १५ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्याच नावाचा विचार केला. किमान वेतनही मिळाले नाही असा चालकाचा दावा होता. कंपनीला वाद लवादाकडे न्यावयाचा होता. १९२५ च्या लवाद कायद्यातून वाहतूक कामगारांचे 'नोकरीचे करार' वगळलेले आहेत. ठेकेदाराचा करार हा नोकरीचा करार नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद. न्यायमूर्ती गोर्सच ह्यांनी १९२५ च्या सुमाराचे शब्दकोश तपासून दाखविले की त्या काळी 'एम्प्लॉयमेंट' म्हणजे सामान्यतः 'काम'. मालक-नोकर संबंधाची आजची मर्यादा त्या शब्दाला नंतर आली. निर्णय एकमताने चालकाच्या बाजूने झाला. पुढे झालेला अर्थसंकोच मागील कायद्यावर लादता येत नाही, हे भाषाशास्त्रातील साधे तत्त्व येथे एका चालकाला न्यायालयाचे दार उघडून देण्यास उपयोगी पडले.

७

जुनी व्यवस्था तरी निर्धोक होती, असा निष्कर्ष ह्यावरून काढता येणार नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेला मध्य राज्यांचा निवृत्तिवेतन निधी बुडण्याच्या बेतात आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ३६ अब्ज डॉलरांची सरकारी मदत जाहीर झाल्यावर तो सावरला. जुलै २०२३ च्या अखेरीस यलो ही संघटित कामगारांची जुनी कंपनी बंद पडली. सुमारे तीस हजार लोकांची नोकरी गेली आणि त्यांची त्या कंपनीतील ज्येष्ठता निरर्थक झाली.

दोन्ही कालखंडांत चालकाला पारख करणे भागच होते. फरक एवढाच की पूर्वी ती एकदा चुकली तर दुरुस्त करणे महाग पडे, आणि १९८० नंतर ती पुन्हा पुन्हा करण्याची मोकळीक मिळाली तरी तिच्यासाठी लागणारे ज्ञान आगाऊ मिळेनासे झाले. मालक सोडण्याचे स्वातंत्र्य आणि मालक ओळखण्याचे साधन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८० च्या कायद्याने पहिली वाढविली, दुसरी नाही. ह्या व्यवसायाच्या पुढील इतिहासकाराला मजुरीच्या आकड्यांबरोबर करारांतील 'मैल', 'अखंड', 'ठेकेदार' ह्यांसारख्या शब्दांचीही नोंद घ्यावी लागेल. चालकाच्या हिशेबात तूट आली ती पुष्कळदा ह्या शब्दांतून आली.