व्यक्तिशिल्पातील अंकीय तंत्र, मुंबईतील

विशिष्ट व्यक्तीच्या मुखाचे वा संपूर्ण देहाचे यथातथ्य सादृश्य साधणाऱ्या शिल्पास व्यक्तिशिल्प म्हणतात. प्रकाशकिरणांच्या साहाय्याने पृष्ठभागाचे क्रमवीक्षण म्हणजेच स्कॅनिंग करणे, त्यातून मिळालेल्या बिंदूंचे संगणकावर त्रिमितीय प्रारूप रचणे आणि ते थरांवर थर देऊन मुद्रित करणे, या तीन क्रिया अलीकडे व्यक्तिशिल्पाच्या निर्मितीत रूढ होत आहेत. मुंबईतील व्यक्तिशिल्पाच्या परंपरेवर त्यांचा झालेला परिणाम समजण्यासाठी पूर्वीची कार्यपद्धती लक्षात घेणे आवश्यक आहे.

सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या स्थापनेनंतर (१८५७) यथार्थदर्शी शिल्पाचे पाश्चात्त्य शिक्षण मुंबईत सुरू झाले. गणपतराव म्हात्रे (१८७६–१९४७), रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२), बाळाजी वसंत तालीम (१८८८–१९७०) इ. शिल्पकारांनी त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. लोखंडी सांगाड्यावर मातीचा नमुना घडविणे, त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढणे आणि अखेरीस ब्राँझचे ओतकाम वा संगमरवरातील कोरीव काम करणे, असा त्यांच्या कामाचा क्रम असे. नमुना पाषाणात उतरविताना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात प्रचारात आलेल्या बिंदुमापक यंत्राचा उपयोग होई. मोजमापासाठी यंत्राचे साहाय्य घेणे ही गोष्ट शिल्पकलेस त्यामुळे सर्वस्वी नवी नाही.

या शिल्पकारांपुढील खरी अडचण निराळी होती. पुतळा बहुधा व्यक्तीच्या निधनानंतर उभारला जातो. लोकमान्य टिळक १९२० मध्ये निवर्तले; गिरगाव चौपाटीवरील फडके यांनी घडविलेला त्यांचा पुतळा १९३३ मध्ये उभा राहिला. शिर्डीच्या समाधिमंदिरात १९५४ मध्ये प्रतिष्ठापित झालेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती तालीम यांनी घडविली, तेव्हा बाबांच्या समाधीस छत्तीस वर्षे झाली होती. छायाचित्रात खोली नसते. नाकाची उंची, भुवईखालचा खोलगटपणा किंवा मानेची ठेवण त्यावरून केवळ अनुमानाने ठरवावी लागते आणि ते अनुमान शिल्पकाराच्या शरीररचनेच्या ज्ञानावर अवलंबून असते.

छायाचित्रांवरून थेट शिल्प साकारण्याचा प्रयत्न फ्रान्स्वा व्हिलेम या फ्रेंच शिल्पकाराने १८६० च्या सुमारास केला. त्याने मध्यभागी बसलेल्या व्यक्तीची सभोवारच्या चोवीस कॅमेऱ्यांनी एकाच वेळी छायाचित्रे घेतली व त्यांतील बाह्यरेषांवरून आकार कोरून काढला. आजच्या क्रमवीक्षणाचे हे पूर्वरूप होय. हिदेओ कोदामा (१९८१) व चार्ल्स हल (१९८४) यांच्या संशोधनातून त्रिमितीय मुद्रण विकसित झाले. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या चेहऱ्याचे क्रमवीक्षण करून २०१४ मध्ये त्यांचा अर्धपुतळा मुद्रित करण्यात आला.

महाराष्ट्राशी संबंधित शिल्पकारांच्या कामात हे तंत्र विशेषतः आकारवर्धनासाठी उपयोगी पडले. कलाशाळेचे माजी विद्यार्थी राम सुतार यांनी घडविलेल्या सरदार पटेल यांच्या पुतळ्यासाठी (गुजरात, उंची १८२ मी., अनावरण २०१८) सुमारे ९ मी. उंचीच्या नमुन्याचे क्रमवीक्षण करून ब्राँझच्या पत्र्यांचे आराखडे सिद्ध करण्यात आले. दादर येथील इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकासाठी ३५० फूट उंचीचा पुतळा योजिला असून त्याचा २५ फुटी नमुनाही सुतार यांनीच घडविला. या दोन मापांतील प्रमाण चौदापट आहे. म्हणजे नमुन्यातील एक सेंमी. चूक पुतळ्यात चौदा सेंमी. होईल. यंत्र आकार अचूक वाढविते, पण त्याबरोबर नमुन्यातील दोषही तितक्याच अचूकपणे वाढवते. म्हणून सादृश्याचा निर्णय मूळ नमुन्याच्या टप्प्यावरच व्हावा लागतो. शिवाय जमिनीवरून वर पाहणाऱ्यास चेहरा आखूड दिसतो, त्याची भरपाई यंत्र आपणहून करीत नाही. ती शिल्पकारानेच योजावी लागते.

परळ-लालबागच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत शाडू, प्लॅस्टर व रबरी साचे यांवर आधारलेली हस्तपरंपरा आहे. गणेशोत्सवाच्या देखाव्यांत ऐतिहासिक व्यक्तींचे पुतळे लागतात, त्यामुळे सादृश्याचे काम तेथील कारागिरांनाही परिचित आहे. मुद्रित नमुन्यावरून साचा काढल्यास वेळ वाचतो, तथापि मातीवर हात बसविणाऱ्या उमेदवारीचा काळही त्याबरोबर आटण्याचा धोका संभवतो.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यानुसार शिल्प ही संरक्षित कलाकृती असून हे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे चित्र वा छायाचित्र घेण्यास कायद्याने सूट दिली आहे. त्रिमितीय प्रतिकृतीचा त्या सवलतीत उल्लेख नाही. पुतळ्याभोवती फिरून काही मिनिटांत क्रमवीक्षण करता येत असल्याने या भेदास आता व्यावहारिक महत्त्व आले आहे.

हयात व्यक्तीच्या चेहऱ्याचे माप यंत्र बिनचूक देते. परंतु ते एका क्षणाचे माप असते. दिवंगत व्यक्तीच्या बाबतीत मोजण्यास देहच उपलब्ध नसतो. तेथे फडके व तालीम यांच्यापुढे होते तेच काम आजच्या शिल्पकारापुढेही आहे : थोड्या छायाचित्रांवरून माणूस ओळखणे आणि त्याला ओळखणाऱ्यांना तो पटवून देणे.