लॅटिनमूलक शब्द, गिरणगावच्या मराठीतील

एकच लॅटिन शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा दोन वाटांनी मराठीत येऊन त्याची दोन निरनिराळी रूपे रूढ झाल्याची उदाहरणे मुंबईच्या मराठीत आढळतात. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या कापडगिरण्यांच्या परिसरात तर अशी जुळी रूपे एकाच कामगाराच्या तोंडी शेजारीशेजारी नांदत. चिंचपोकळी हे नाव अस्सल देशी असले, तरी तेथील नित्याच्या बोलण्यातील कितीतरी शब्दांचे मूळ रोमपर्यंत जाते.

यांतील पोर्तुगीज थर जुना. गुजरातच्या सुलतानाशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई व तिच्याबरोबर मुंबई पोर्तुगीजांकडे आली. १६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, १६६५ मध्ये तिचा ताबा घेण्यात आला आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. राज्य पालटले; शब्द मात्र राहिले. शिवाय गोवा, चौल, वसई यांच्यामुळे ते कोकणातही पसरलेले होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथील गिरणीची उभारणी केल्यानंतर गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि कोकणातून कामगार येऊ लागले. ‘पगार’, ‘मिस्त्री’, ‘चावी’ हे शब्द त्यांना परके वाटण्याचे कारण नव्हते. परके वाटले ते गिरणीत नव्याने कानांवर पडलेले इंग्रजी शब्द.

‘मागिस्तेर’ (प्रमुख, गुरू) हा लॅटिन शब्द या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. त्याचे पोर्तुगीज रूप ‘मेस्त्र’. त्यापासून मराठी ‘मिस्त्री’ हा शब्द आला. इंग्रजीतून तोच शब्द ‘मास्तर’ होऊन आला. अर्थ मात्र वाटले गेले. हाताने काम करणारा, यंत्र वा भिंत दुरुस्त करणारा तो मिस्त्री. सूतखात्यावर किंवा मागखात्यावर देखरेख करणारा, शाळेत शिकविणारा, स्थानक सांभाळणारा तो मास्तर. ‘मिस्टर’ आणि ‘मॅजिस्ट्रेट’ हेही याच कुळातील. एका मूळ शब्दाच्या वंशात कारागीर, वरिष्ठ आणि न्यायाधीश असे तिघे यावेत आणि त्यांतील पोर्तुगीज वाटेने आलेला सर्वांत खालच्या पायरीवर बसावा, यात मुंबईच्या सत्तांतराचा इतिहासच उमटला आहे.

‘पगार’ याचे मूळ ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. धनकोला शांत करणे म्हणजे त्याचे देणे चुकते करणे, असा अर्थ पुढे झाला. इंग्रजी ‘पे’ याच मूळचा. ज्या भागात वेतनासाठी वारंवार संप झाले, तेथे वेतनाचा शब्द शांततेवरून आलेला असावा, हे नमूद करण्याजोगे आहे. मात्र नगावर मिळणाऱ्या मजुरीतील ‘पीस’ या शब्दाचा शांततावाचक इंग्रजी ‘पीस’शी काही संबंध नाही, ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावणाऱ्यांची येथे फसगत होते.

तशीच फसगत ‘पाव’ या शब्दाबाबत होते. पायांनी पीठ तुडवीत म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, असे सांगितले जाते. दोन्ही कल्पना निराधार होत. लॅटिन ‘पानिस’ (भाकरी), पोर्तुगीज ‘पांव’ आणि त्यावरून मराठी ‘पाव’ असा हा सरळ क्रम आहे. या ‘पानिस’पासूनच उत्तरकालीन लॅटिनमध्ये एकत्र भाकरी खाणारा, म्हणजे सोबती, या अर्थाचा शब्द झाला आणि त्यातून इंग्रजी ‘कंपनी’ निघाली.

‘त्रुंकुस’ म्हणजे झाडाचे खोड. पोर्तुगीज ‘त्रोंकु’ या शब्दाने खोड, कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकूड आणि शेवटी बंदिशाळा असे अर्थ घेतले. त्यावरून ‘तुरुंग’ आला. मराठीतही ‘खोड’ आणि ‘खोडा’ ही जोडी आहे. तिच्याकडे पाहिले म्हणजे हे अर्थांतर सहज पटते. इंग्रजीतून आलेली ‘ट्रंक’ याच खोडाची. चिंचपोकळीजवळचा आर्थर रोड तुरुंग आणि चाळीतील पत्र्याची ट्रंक यांचे हे नाते सहसा लक्षात येत नाही.

लॅटिन आणि संस्कृत मुळात एका भाषाकुलातील असल्याने उसने आलेले आणि वारशाने आलेले यांतील भेद पाळावा लागतो. ‘पाद्री’ हा लॅटिन ‘पातेर’वरून पोर्तुगीजमार्गे आलेला उसना शब्द, ‘पितर’ हा त्याचा सगोत्र असला, तरी तो आपल्याकडे परंपरेने चालत आलेला आहे. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेला कोश याबाबत आजही आधारभूत ठरतो. गिरण्यांतील इंग्रजी शब्दांना असा दालगादो लाभला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. कचेरी आणि खाते यांच्याशी बांधलेले इंग्रजी शब्द, उदाहरणार्थ खात्याचा ‘मास्तर’ किंवा ‘जॉबर’, त्यांबरोबर बोलण्यातून मागे पडले. घर, बाजार आणि कारागिरी यांत मुरलेले जुने पोर्तुगीज शब्द टिकले. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या बांधकामावरही मिस्त्रीच होता आणि त्याला मिळत होता तो पगारच.